टॉफी फिरायला जातो

तात्यापारा, रायपूर
११ जानेवारी

प्रिय ज्ञानदा,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्याकडचे संपत नाहीत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'अगं' म्हटलं की तुझी मीटिंग सुरू होते, आणि मोबाइलवर लिहिलं तर बंगळूरूहून एक अंगठा येतो. नोकरीभर मी पोस्टाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांची पत्रं तोलली. आता निवृत्तीत स्वतःची चार लिहायला कुणाची हरकत नसावी. वाचून फेकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

तू ठरवलेली कुत्रा फिरवणारी मंडळी काल येऊन गेली. दिवाळीत टॉफीने भैय्यालालच्या दुकानासमोर गल्लीतल्या कुत्र्यांकडे झेप घेतली आणि मला खाली पाडलं, तेव्हापासून माझा गुडघा काही कामाचा राहिलेला नाही, म्हणून तू हे केलंस. चांगलं केलंस. आधी मला राग आला होता. कुत्र्याला फिरवायला माणूस ठेवायचा, हे ऐकून तुझे बाबा वरून हसले असतील, असं मी तुला म्हटलंही. पण टॉफी बिचारा दाराशी पट्टा तोंडात घेऊन बसायचा, ते मला बघवत नव्हतं.

येणाऱ्या मुलीचं नाव गंधाली. आईवडील भंडाऱ्याचे, जन्म इथला, म्हणजे तुझ्यासारखीच. मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते. मोबाइल काढून बसली आणि म्हणाली, "आंटी, दीदी ने अपना सब बता दिया है. अब आप बताइए, आपको हमारी सर्विस से क्या चाहिए?"

मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हे पाय पोरी, रोज तूच येत जा. आज तू, उद्या दुसरा, असं नको करू. अन् त्याले ओढत नको नेऊ. त्याले खांबापाशी थांबायचं असते, वास घ्यायचा असते, तेच त्याचं फिरणं. तुम्ही पोट्ट्या कानात ते कोंबून चालून राहता, अन् कुत्रा मागे घासत येते." ती हसली आणि सगळं लिहून घेतलं. चाव्या कुणाकडे देणार नाही, रोज एक फोटो पाठवेल, पाणी पाजूनच घरी आणेल, हे तिने तिच्या मनानेच सांगितलं. सगळे मालक हेच मागतात म्हणे.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही, तुला सांगते. तिने टॉफीवर माया करावी असं मला वाटतं, पण टॉफीने तिच्यावर फार करू नये, असंही वाटतं. हे कुठल्या सर्विसकडे मागता येतं का, ठाऊक नाही. तू त्याला माझ्याकडे पंधरा दिवसांसाठी ठेवून गेलीस तेव्हा मी त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते. आता तो ओट्याखाली झोपतो. बाबा गेल्यावर ह्या घरात माझ्या बोलण्याला मान वर करणारा तो एकच आहे.

तू काय काय सांगितलंस ते मी गंधालीला विचारलं, तर म्हणाली, "वो तो दीदी का और हमारा है." मोठी मुत्सद्दी पोट्टी आहे.

तुझी तब्येत जप. पाचवा लागला ना? मी डिंक आणून ठेवला आहे, अळीव शेखावतच्या दुकानात चांगले मिळतात, ते मार्चमध्ये घेईन. एप्रिलअखेर मी येतेच. टॉफीचं काय विचारलं तर तू 'बघू' म्हणालीस. त्यात बघायचं काय आहे? रेल्वेत कुत्रा नेता येतो, तुझ्या बाबांनी लोकांची कुत्री गाडीने नेऊन दिलेली आहेत. तुमच्या सोसायटीत चालत नसेल किंवा विराजला, म्हणजे आमच्या जावईबुवांना, नको असेल तर तसं सरळ सांग. मी काही वाईट वाटून घेणार नाही.

तुझी,
आई


तात्यापारा
५ फेब्रुवारी

प्रिय ज्ञानदा,

पत्र मिळाल्याचं तू काहीच कळवलं नाहीस. पोस्टावर माझा विश्वास आहे, तेव्हा मिळालं असं धरून पुढे लिहिते.

टॉफीची स्वारी आता मोटारीतून फिरायला जाते. इथे गल्लीत गाड्याच गाड्या, बाजूला नाली, वर मोकाट कुत्री, म्हणून गंधाली त्याला नवा रायपूरला नेते. रुंद रस्ते, हिरवळ, आणि माणूस दिसत नाही, म्हणे. "दीदी ने प्लान बढ़ा दिया है, आंटी." मला विचारलं असतंस तर मीही हो म्हटलं असतं, पण असो. संध्याकाळी जातो तो चांगला दिवेलागण होऊन गेल्यावर येतो. दमलेला, खूश असतो. गंधाली फोटोही पाठवते. कालच्या फोटोत तो गवतावर पाय पसरून पडला होता आणि कडेला कुणा बाईची चप्पल दिसत होती. विचारलं तर म्हणाली, "वहाँ लोग टहलने आते हैं ना."

एक खटकतंय, ते सांगते. शेवटची पोळी कुत्र्याची, हे मी ह्या घरात आल्यापासून करते, कुत्रा नव्हता तेव्हा गल्लीतल्याला घालायचे. टॉफी ती पोळी हातातून घ्यायचा. हल्ली वास घेतो, माझ्याकडे बघतो आणि जाऊन झोपतो. आणि त्याच्या अंगाला गुलाबाचा वास येतो. आपल्याकडे कडुलिंबाचा साबण. मी गंधालीला म्हटलं, "काहून वो, तुम्ही आंघोळपण घालता का?" तर ती दुसऱ्याच विषयावर गेली.

पण मुलगी मायेची आहे, ह्यात शंका नाही. कुत्र्याला घ्यायला येते आणि आधी माझी चौकशी करते. नाश्ता केला का, गोळी घेतली का, गॅस बंद आहे ना. एकदा तर आत जाऊन शेगडी बघून आली. परवा विचारते, "आंटी, आज कौन सा वार है?" मी म्हटलं, "काहून, तुले माहीत नाही का?" बिचारी लाजली. ह्या वयाच्या पोरींना वारसुद्धा आठवत नाही, सगळं मोबाइलमध्ये. मग मीच तिला सांगितलं की आज बुधवार, बुधवारी रमाकडे भजन असतं.

रमाच्या भजनात मी हे सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, इंदू, तुझी चंगळ आहे. कुत्र्याच्या निमित्ताने तुझीही देखभाल होऊन राहिली. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, कुणी आपलं खाणंपिणं विचारलं की बरं वाटतं.

भैय्यालालही हल्ली फार जपून वागतो. मी दुकानात गेले की उठतो, "दाई, तैं बइठ, मैं पहुँचा देहूँ" म्हणतो, आणि सामान स्वतः घरी आणून देतो. गेली तीस वर्षं ज्याने मला पिशवी कधी धरली नाही, त्याला एकदम काय झालं कोण जाणे. म्हातारपण आलं की जग सुधारतं बहुतेक.

तुझा रक्तदाब कसा आहे ते विराजला कळवायला सांग. तो निदान उत्तर देतो.

तुझी,
आई


तात्यापारा
२६ फेब्रुवारी

ज्ञानदा,

टॉफी घरी आलेला नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. हे पत्र तुला पोचेपर्यंत तो आलाही असेल, किंवा तू फोन उचलला असशील. दोन्हींपैकी काही झालं नसेल तर वाच.

सोमवारी गंधाली एकटीच आली. हातात नुसता पट्टा. मला वाटलं गाडीखाली गेला. मी विचारलं, "कुठी आहे तो?" तर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आंटी, टॉफी तो अपने नए घर में है ना. आपसे बात हुई थी."

"कवा? कोणाशी झाली बात?"

"आपसे, आंटी. दीदी ने आपसे पूछा था, आपने ही हाँ बोला था. टेंशन मत लीजिए. बैठिए, पानी लाऊँ?"

मी ओरडले. मी असं कधी म्हटलं नाही, माझा कुत्रा आण, आत्ता आण. जसजसा माझा आवाज चढत गेला, तसतशी ती मऊ होत गेली. माझा हात धरून तिने मला खुर्चीवर बसवलं आणि पाठ थोपटली. माझी पाठ, ज्ञानदा. पंचवीस वर्षांच्या पोरीने.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून त्यांच्या कटोरातालाबच्या ऑफिसात गेले. तिथे शेखर म्हणून त्यांचा मुख्य आहे. "हाँ आंटी," "बिलकुल आंटी," "आप सही बोल रही हैं आंटी." मी सांगितलं की तुम्ही चोर आहात. तेही त्याने 'बिलकुल' म्हणून ऐकलं. मग विचारलं, घरी कुणी आहे का, मी सोडायला येऊ का. सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि माझं एक अक्षर कुणी ऐकत नव्हतं. पोलिसात जाईन म्हटलं तर त्याने मान डोलावली आणि मला चहा दिला.

घरी आले तर तुझा मेसेज. 'आई, इस पर हमारी बात हो चुकी है. तूने हाँ कहा था. याद कर.'

याद कर.

मग मी आठवत बसले. तुझे सगळे फोन आठवले. तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले, मागे विराज काय ओरडला. टॉफीला कुणाला देण्याची गोष्ट कुठेच सापडली नाही. पण तू म्हणतेस म्हणजे झाली असेल, असं मी अर्धा दिवस मानून चालले. गेल्या आठवड्यात माझं दूध उतू गेलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून मी घरभर शोधला होता. पाच वर्षांपूर्वीही मी तसा शोधला होता आणि आपण दोघी हसलो होतो, पण आता मला हसू आलं नाही. मी मोठ्याने पिनकोड म्हणून पाहिले, रायपूर, दुर्ग, भंडारा, अमरावती, बडनेरा. सगळे आले. तरी भीती गेली नाही. पिनकोड आठवणाऱ्या बाईने स्वतःचा कुत्रा दिला नसेल कशावरून?

भैय्यालालला विचारायला गेले की मी कधी टॉफीला कुणाला देणार म्हणाले होते का. तो खाली बघून म्हणाला, "हव दाई, होही." म्हणजे असेल. त्याला काही ठाऊकच नाही आणि तो मला हो म्हणतो आहे, कारण वेड्या माणसाला हो म्हणायचं असतं.

मी फार घाबरले आहे. तू माझी मुलगी आहेस, म्हणून सांगते. टॉफीसाठी घाबरले आहे ते वेगळं, त्याहून माझ्यासाठी घाबरले आहे.

उद्या पुरानी बस्तीत आपल्या डॉक्टरांकडे जाते. मी खरंच विसरत असेन तर ते मला कळलं पाहिजे. नसेन, तर तेही कळलं पाहिजे.

आई


तात्यापारा
४ मार्च

ज्ञानदा,

डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले, एक गोष्ट सांगितली आणि अर्ध्या तासाने ती परत विचारली. मी ती सांगितली आणि त्यात त्यांनी पहिल्यांदा सांगताना केलेली चूकही सांगितली. मग ते म्हणाले, "वहिनी, गुडघा खराब आहे, डोकं शाबूत आहे. हे खूळ तुमच्या मनात कुणी भरवलं?" मी म्हटलं, मलाही तेच शोधायचं आहे.

एक मात्र मी शिकले होते. ओरडायचं नाही. गंधाली रविवारी टॉफीचं भांडं आणि गादी न्यायला आली, तेव्हा मी तिला आत बसवलं, पोहे दिले आणि म्हटलं, "मले त्याले एकदा पाहू दे. पाहतो अन् येतो." ती विरघळली. "ठीक है आंटी, मिलवा देती हूँ. पर रोना मत, हाँ?"

मोटारीत मी तिला विचारलं, "दीदीनं तुमाले माझ्याबद्दल काय सांगितलं व?" आधी तिने टाळलं. मग म्हणाली की मी रागावणार नसेन तर सांगते. मी म्हटलं, मी काय रागावणार, मी तर उद्यापर्यंत विसरूनच जाईन. हे तिला खरंच पटलं, आणि तिने सगळं सांगितलं.

तू पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतंस की मम्मीला विसरण्याचा आजार आहे. की वरून कळत नाही, बोलते छान, पण लक्षात राहत नाही. की टॉफीला एका चांगल्या घरी द्यायचं आहे, मम्मीने हो म्हटलं आहे, पण वेळ आली की ती नाही म्हणेल, चिडेल, कुणी मला विचारलंच नाही म्हणेल, तर तिच्या तोंडी लागू नका. "इसीलिए हम टॉफी को रोज वहाँ ले जाते थे, आंटी. थोड़ा-थोड़ा. ताकि उसको भी आदत हो जाए और आपको भी." म्हणजे ते फिरणं नव्हतंच. तो रोज त्या घरी राहायला शिकत होता. मी दारात उभी राहून त्याला हात हलवत होते.

शेगडी बघणं, गोळी विचारणं, वार विचारणं, सगळं मला कळलं. मी त्याला माया समजले होते. भैय्यालालला तू फोन केला होतास, हेही कळलं. तीस वर्षांत त्याला एकदम माझी पिशवी का जड वाटली, तेही.

त्या घरची बाई, तुझ्या ओळखीची शर्मिष्ठा, नवा रायपूरच्या एका संस्थेत काम करते, पुण्याची आहे, नवरा तिकडे असतो. तिने दार उघडलं आणि टॉफी तिच्या मागून आला. तो माझ्या अंगावर चढला, मग पळत जाऊन तिला चाटून आला, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला वाटलं असेल, दोन्ही घरं एका जागी आली. मी खालीच बसले. त्याच्या अंगाला गुलाबाचा वास येत होता आणि मला रडायचं नव्हतं, गंधालीला मी तसा शब्द दिला होता.

शर्मिष्ठा म्हणाली, "काकू, तुम्हाला आता झेपत नाही म्हणून तुम्हीच त्याला द्यायचं ठरवलंत, असं ज्ञानदा म्हणाली होती मला. मी तिला दोनदा विचारलं होतं, आईंना नक्की चालेल ना म्हणून."

मी म्हटलं, "फोन लावा तिले. आवाज मोठा ठेवा."

तिचा फोन तू लगेच उचललास. तुझा आवाज मी ऐकला, ज्ञानदा, तो पुन्हा लिहिते, म्हणजे मी ऐकला नाही असं तुला नंतर म्हणता येऊ नये. तू म्हणालीस, "आई तिथे आलीये? अरे देवा. शर्मिष्ठा, प्लीज, टॉफीला देऊ नकोस हां. दो-चार दिन रोएगी, फिर भूल जाएगी. ती असंच करते."

मी म्हटलं, "ज्ञानदा, मी ऐकून राहिली. या दोघीले माझ्या डॉक्टरचं नाव सांग. कोणत्या डॉक्टरनं म्हटलं, माह्या ध्यानात राहत नाही म्हणून?"

तू म्हणालीस, "आई, मैं मीटिंग में हूँ," आणि फोन ठेवलास.

शर्मिष्ठाने आत जाऊन त्याचा खाऊ, चेंडू, सगळं पिशवीत भरलं आणि स्वतःच्या गाडीने आम्हाला तात्यापाऱ्यात आणून सोडलं. वाटेत ती एकदाच बोलली, मी कधी त्याला भेटायला येऊ का, म्हणून. मी ये म्हटलं. तिचं घर रिकामं झालं होतं, तेही तुझ्यामुळेच, आणि तिने मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. तुझ्यापेक्षा ती परकी बाई मला त्या दिवशी जवळची वाटली. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

टॉफी ओट्याखाली झोपला आहे. पोळी अजून खात नाही.

आई


रजिस्टर्ड, पोचपावतीसह
तात्यापारा, रायपूर
१६ मार्च

ज्ञानदा,

पोचपावती अशासाठी की हे पत्र तुझ्या हातात पडलं, हे मला ठाऊक असावं.

बुधवारी विराजचा फोन आला. तो म्हणाला, तिचं चुकलं, आई, पण हेतू वाईट नव्हता. बाळासमोर कुत्रा नको, असं तुमच्याकडे ठरलं होतं, आणि मी टॉफीला सोडून येणार नाही, अशी तुला भीती होती. मी मागेपुढे करत बसले असते, रडले असते, तुला ह्या दिवसांत तो ताण नको होता. म्हणून आधी कुत्र्याची सोय आणि मग माझं तिकीट. ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं काढलंही आहे.

गुरुवारी तू फोन केलास. रडलीस. सगळं मराठीत बोललीस, कित्येक वर्षांनी. "आई, मले तुझी गरज आहे व. मी एकटी नाही करू शकत." तुला मिठीत घ्यावंसं वाटलं, ते खरं आहे. आणि तुझं तोंड बघू नये असंही वाटलं, तेही खरं आहे.

तू मला विचारलं असतंस तर काय झालं असतं, ते सांगते. 'आई, बाळ आहे, टॉफीला ठेवून ये.' एवढंच म्हणायचं होतं. मी चार दिवस फुरंगटून बसले असते, तुला दोन शब्द ऐकवले असते, आणि मग त्याला कुणा चांगल्या माणसाकडे तीन-चार महिने ठेवून आले असते. पहिलं बाळंतपण आईकडून होतं, हे मला कुणी सांगायला नको. कुत्र्यासाठी मी तुला टाकेन, असं तुला वाटलं कसं? आणि वाटलंच, तर त्यावर हा उपाय सुचला कसा? मला वाईट वाटू नये म्हणून तू मला वेडी ठरवलंस.

टॉफी परत आला, पण तू जे माझं नेलंस ते परत आलेलं नाही. काल गंधाली वाटेत भेटली. मी तिला शांतपणे सांगितलं, डॉक्टरांनी मला तपासलं, मला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, "हाँ आंटी, बिलकुल." तोच आवाज. भैय्यालाल सुटे पैसे माझ्या हातात ठेवून माझी मूठ मिटवतो. रमाकडे ही गोष्ट कुठून पोचली ठाऊक नाही, पण बुधवारी मी नेहमीच्या जागी बसून गाणं सुरू केलं तर बाजूची बाई माझ्यासाठी पुस्तक उघडून धरायला लागली. मी ते पुस्तक तिच्या हातातून घेऊन मिटलं, तर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी चिडले तर आजार, शांत राहिले तर आजार, हसले तरी आजारच. डॉक्टरांची चिठ्ठी मी दाराला चिकटवू का? मी स्वतः सांगून काही उपयोग नाही, कारण तू त्यांना आधीच सांगून ठेवलं आहेस की ती असंच सांगेल.

म्हणून हे काम माझ्याकडून होणारं नाही. ज्याने सांगितलं त्यालाच ते मागे घ्यावं लागेल.

तू माझ्याकडे तुझं तान्हं देणार आहेस. मी त्याला पायांवर घेऊन तेल लावणार, कढत पाण्याने न्हाऊ घालणार, तू झोपलेली असताना घरात मी आणि ते एवढेच असणार. आता तूच ठरव. मला खरंच काही लक्षात राहत नसेल तर तू तान्हं मूल माझ्या हातात देता कामा नये, कुठलीच शहाणी आई देणार नाही, आणि मी येणार नाही. आणि लक्षात राहत असेल, तर तू खोटं बोललीस, आणि ते जिथे जिथे पोचलं तिथे तिथे तुला सांगावं लागेल. गंधालीला, शेखरला, शर्मिष्ठाला, भैय्यालालला, रमाला. मला लाज वाटते, कसं सांगू, असं म्हणू नकोस. पहिल्यांदा सांगताना वाटली नव्हती.

भैय्यालालचा नंबर तुझ्याकडे आहे. मी रोज सकाळी दुकानात जाते, आता मुद्दाम जाते आणि पिशवी माझी मीच उचलते. तुझा फोन आला आणि माझ्यासमोर तू त्याला सांगितलंस की माझ्या आईला काही झालेलं नाही, मी खोटं बोलले, तर मी तिकिटावरच्या गाडीत बसेन आणि तुझं सगळं करेन, हातचं राखणार नाही. टॉफीला मी शर्मिष्ठाकडे ठेवेन, मी तिला विचारलं आहे आणि ती हो म्हणाली आहे. विचारायला फार वेळ लागला नाही.

फोन आला नाही, तर बाळंतपणाला दुसरी कुणी बघ, जिच्याबद्दल तू अजून लोकांना काही सांगितलेलं नाहीस.

आई